मेगर चांगला आला, तरी कास्ट रेझिन ट्रान्सफॉर्मर पुन्हा चार्ज करू नका

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत ११ केव्हीचा कास्ट रेझिन ट्रान्सफॉर्मर (तेलाऐवजी घट्ट रेझिनमध्ये कॉइल ओतलेला) ट्रिप झाला की आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावला जातो. रीडिंग चांगलं आलं की लगेच सप्लाय सोडतात, आणि धोका तिथेच आहे. मेगर फक्त वाइंडिंग ते अर्थ आणि एचव्ही ते एलव्ही (जास्त आणि कमी व्होल्टेजच्या वाइंडिंगमधलं) इन्सुलेशन तपासतो. कॉइलच्या आत दोन वेढे शॉर्ट झाले तर त्याला ते कळतच नाही. इथे तेल नाही, त्यामुळे बुकहोल्झ (तेलातला गॅस पकडणारा रिले) किंवा तेलातल्या गॅसची चाचणी हे मार्गही बंद.

म्हणून तिन्ही फेजचा टर्न्स रेशो (दोन्ही वाइंडिंगच्या वेढ्यांचं प्रमाण) मीटरने घ्या आणि त्याच मीटरवरचा एक्सायटेशन करंट, म्हणजे लोड नसताना कॉइल ओढते तो करंट, नीट बघा. कडेच्या दोन फेजचा करंट जवळपास सारखा आणि मधल्याचा थोडा कमी असतो. एकच फेज कित्येक पट करंट ओढत असेल, तर संशय त्याच कॉइलवर. शॉर्ट वेढे मोजकेच असतील तर डीसी रेझिस्टन्समध्ये फरक दिसत नाही. कॉइल तुटली असेल तर मात्र हा रेझिस्टन्स लगेच सांगतो: डेल्टामध्ये (तिन्ही कॉइल त्रिकोणात जोडलेल्या) एक रीडिंग बाकी दोघांच्या दुप्पट येतं.

मेगर कमी आला तरी लगेच कॉइल बाद ठरवू नका. बेळगावच्या पावसात वाळू-कोळशाची धूळ ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसा, गरम हवेने वाळवा, मग पुन्हा मोजा. बॅटरीच्या उजेडात रेझिनवरच्या भेगा आणि काळ्या रेषाही शोधा.

हे सगळं सप्लाय आयसोलेट करून, दोन्ही बाजू अर्थ करून झाल्यावरच. अर्थ फक्त मोजण्यापुरतं काढा. चालू कॉइलचं रेझिन हात लावण्याजोगं नसतं.