फॉरेक्स ब्रोकर तपासायचाय? मग आधी वही काढा

माझा भाचा ऐरोलीला नाइट शिफ्टला जातो आणि जानेवारीत मँचेस्टरला नोकरीला निघालाय. गेल्या महिन्यात एका रविवारी डोंबिवलीहून आला, जेवला आणि ताटावरून उठायच्या आधीच मोबाइल पुढे धरून म्हणाला, "मावशी, तू फॉरेक्समध्ये होतीस ना? हा ब्रोकर कसा वाटतो?"

मी फोर्टातल्या एका बँकेच्या फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनाच्या, विभागात 22 वर्षं होते, पण बॅक ऑफिसला. पुढच्या खोलीत डीलर सौदे करायचे. आम्ही मागे बसून डील स्लिपा जुळवायच्या, समोरच्या बँकेचं कन्फर्मेशन आलं का बघायचं आणि नॉस्ट्रो, म्हणजे आपल्या बँकेच्या परदेशातल्या, खात्यात पैसे खरोखर पडलेत का ते तपासायचं. त्यामुळे चार्ट बघून मला काही सुचत नाही. पैसा कोणाच्या खात्यात जाणार आणि तिथून परत कसा येणार, एवढंच मला विचारता येतं. त्याच नजरेनं आम्ही दोघांनी एका दोनशेपानी वहीत ही यादी लिहिली.

पहिल्या पानावर ब्रोकरचं नाव लिहायचं नाही, स्वतःचं लिहायचं आणि त्यापुढे: आज मी कुठला रहिवासी? भारतात राहणाऱ्याला परकीय चलनाचे व्यवहार फेमा, म्हणजे 1999 च्या कायद्याखाली, अधिकृत संस्थांशी आणि ठरलेल्या कारणांसाठीच करता येतात. ऑनलाइन करायचे तर रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेला प्लॅटफॉर्म हवा, नाहीतर एनएसई, बीएसईसारखं मान्यताप्राप्त एक्स्चेंज. परदेशी ॲपवर युरो-डॉलर किंवा सीएफडी करणारा मुंबईकर यातल्या कशातच बसत नाही. सीएफडी म्हणजे नुसता भावातल्या फरकाचा करार. हातात ना डॉलर येतो ना सोनं. दंड सापडलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो आणि तो ॲपवाल्याला नाही, आपल्याला.

भाच्यानं लगेच विचारलं, "पण एलआरएसमध्ये वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात ना?" एलआरएस म्हणजे रहिवाशाला परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना. पाठवता येतात, पण परदेशी ब्रोकरकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, भरायला नाही. बँकेत पैसे पाठवताना ए2 फॉर्मवर कारण लिहून सही करावी लागते. ॲपचा माणूस चॅटवर "शिक्षणासाठी असं लिहा" म्हणून सुचवतो तेव्हा तो आपल्याकडून खोटं निवेदन लिहून घेत असतो. असे फॉर्म माझ्या टेबलावरून गेलेत. सही कोणाची असते ते मला चांगलं माहीत आहे.

रिझर्व्ह बँकेनं 7 सप्टेंबर 2022 ला परवानगी नसलेल्या अशा 34 नावांची अलर्ट लिस्ट काढली आणि ती पुढे वाढत गेली. लोक त्या यादीत आपला ब्रोकर नाही म्हणून निवांत होतात. बँकेनं स्वतःच सांगितलंय की यादीत नाव नसलं म्हणजे परवानगी आहे असा अर्थ काढू नका. बघायची ती परवानगी असलेल्यांची यादी.

मग मुंबईतच राहणाऱ्यानं काय करायचं? एक्स्चेंजवर डॉलर-रुपया फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे आज भाव ठरवून केलेले करार, 29 ऑगस्ट 2008 पासून आहेत, लॉट, म्हणजे एका कराराचं माप, 1000 डॉलरचा. युरो-डॉलरसारख्या जोड्याही आहेत. पण मे 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलंय की तिथे सौदा करणाऱ्याला खरंखुरं चलनाचं देणंघेणं असायला हवं. आयातीचं बिल, निर्यातीची येणी, मुलीची परदेशातली फी असं काहीतरी. 10 कोटी डॉलरपर्यंत कागद आधी दाखवावे लागत नाहीत, पण देणंघेणंच नसेल तर सौदाही नाही. थोडक्यात, मशीद बंदरच्या आयातदारासाठी दार उघडं आहे, लोकलमध्ये बसून नुसता अंदाज लावणाऱ्यासाठी नाही. हे वाचून कोणाचा हिरमोड होईल, त्याला माझा इलाज नाही. ज्याचं देणंघेणं आहे त्यानं सेबीच्या संकेतस्थळावर दलालाचा आयएनझेडने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि करन्सी विभागाचं सदस्यत्व तपासावं, रोज कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दिवसाच्या सौद्यांचा दलालाचा कागद, येते का बघावं. त्याची यादी इथेच संपली.

भाच्याची मात्र इथून सुरू होते, कारण नोकरीसाठी देश सोडला की तो अनिवासी. तिथल्या पगारातून तिथल्या कायद्यानं काय करायचं ते तो ठरवेल. "मग खातं आत्ताच उघडून ठेवतो, तिथे गेल्यावर वापरीन," म्हणाला. नाही. आणि याचं कारण त्याच्याच मित्राच्या मोबाइलवर होतं.

मित्रानं अशाच एका ॲपमध्ये पैसे घातले होते. त्याचा यूपीआयचा इतिहास आम्ही तिघांनी खाली सरकवत पाहिला. ॲपचं नाव इंग्रजी, झगमगीत. पैसे मात्र पहिल्यांदा गेले एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाच्या नावावर, दुसऱ्यांदा कुठल्याशा एंटरप्रायझेसला, तिसऱ्यांदा सरळ एका बाईच्या बचत खात्यात. दर वेळी क्यूआर नवा. काढायला गेल्यावर सांगितलं, नफ्यावरचा कर आधी वेगळा भरा, मग रक्कम सुटेल. त्यानं तो भरलासुद्धा. सुटलेला एकच हप्ता आला, तोही अनोळखी माणसाच्या खात्यातून. त्या खात्यावर दुसऱ्याच राज्यात सायबर पोलिसांची तक्रार होती, म्हणून याच्या पगाराच्या खात्यातलीही रक्कम गोठली. आता तो बँक आणि पोलीस चौकीच्या फेऱ्या मारतोय. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो तीन आठवड्यांनी. तो पहिल्या तासाभरातच करायचा असतो, पैसा पुढे सरकण्याआधी.

म्हणून वहीतलं दुसरं पान: पैसे घेणाऱ्याचं नाव आणि परवाना असलेल्या कंपनीचं नाव अक्षरशः एकच आहे का? एका अक्षराचाही फरक चालवून घ्यायचा नाही.

परवान्यातली गंमत अशी की एकाच झेंड्याखाली चार-पाच कंपन्या असतात. एक लंडनमध्ये एफसीएच्या, म्हणजे ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या, देखरेखीखाली, एक सायप्रसमध्ये, एक सेशेल्समध्ये, एक वानुआटूत. जाहिरातीत लंडन दाखवतात आणि भारतातून फॉर्म भरला की खातं सेशेल्सच्या कंपनीत उघडतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते मी भाच्याला चष्मा पुसून मोठ्यानं वाचायला लावलं. मँचेस्टरला पोचल्यावर तिथल्या पत्त्यानं आणि तिथल्या बँक खात्यातून, ब्रिटिश कंपनीतच खातं उघडलंय याची खात्री करायची. एफसीएच्या रजिस्टरवर कंपनीचा क्रमांक स्वतः शोधायचा, ब्रोकरनं पाठवलेल्या लिंकवरून जायचं नाही. खऱ्या कंपनीचा क्रमांक चोरून थाटलेल्या नकली कंपन्या भरपूर आहेत. आणि कोणी सेंट व्हिन्सेंट या कॅरिबियन बेटाची नोंदणी दाखवली तर हसून सोडून द्यायचं. तिथलं प्राधिकरण स्वतःच म्हणतं की आम्ही फॉरेक्स ब्रोकरना परवाने देत नाही.

कंपनी कुठली यानं इतका फरक का पडावा? वहीत आम्ही एक हिशेब मांडला. खात्यात 300 डॉलर. सोयीसाठी युरो 1.10 डॉलरला धरला. या ब्रोकरांकडे एक पूर्ण लॉट म्हणजे एक लाख युरो, किंमत 1,10,000 डॉलर, एका पिपला, म्हणजे भावाच्या चौथ्या दशांश स्थळी एक अंक हलला की, 10 डॉलर. सेशेल्सवाला 500 पट लिव्हरेज, म्हणजे अनामतीच्या 500 पट सौदा करायची मुभा, देतो, त्यामुळे मार्जिन फक्त 220 डॉलर, सौदा लागतो. खात्यातली शिल्लक मार्जिनच्या निम्म्यावर आली की सौदा आपोआप कापला जातो असं धरलं, तर 19 पिप विरुद्ध गेले की 190 डॉलर गेले आणि खेळ खलास. ब्रिटनमध्ये किरकोळ ग्राहकाला मुख्य जोड्यांवर 30 पटच मिळतं. त्याच 300 डॉलरमध्ये जेमतेम 0.08 लॉट बसतो, पिपला 80 सेंट, आणि कापलं जायला साधारण 190 पिप लागतात. युरो-डॉलर 19 पिप चहा उकळेपर्यंत हलतो. भाचा म्हणाला, "पण 30 पटीत नफाही कमीच ना." हो, कमीच.

दुसरा फरक मला डोळ्यांपुढे दिसतो. 15 जानेवारी 2015, आपल्याकडे दुपारचे तीन. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं युरोला 1.20 फ्रँकचा धरून ठेवलेला टेकू अचानक काढला. पुढच्या खोलीतला आवाजच बंद झाला. भाव पायऱ्या उतरला नाही, गच्चीवरून पडला. मधल्या भावाला कोणी घेणारच नव्हतं, त्यामुळे जगभरच्या ग्राहकांचे स्टॉप लॉस, म्हणजे तोटा ठरल्या भावाला थांबवायचे आदेश, लावलेल्या भावाला लागलेच नाहीत. कित्येकांची खाती शून्याच्या खाली गेली आणि अल्पारी या ब्रोकरची ब्रिटिश कंपनी काही दिवसांत दिवाळखोरीत गेली. म्हणून विचारायचं: खातं उणे झालं तर उरलेले पैसे माझ्याकडून मागणार का? ब्रिटन आणि युरोपात आता किरकोळ ग्राहकाकडून मागता येत नाहीत. इतरत्र करारात काय लिहिलंय ते वाचा. कंपनीच बुडाली तर ब्रिटनच्या भरपाई योजनेत 85 हजार पौंडांपर्यंत, सायप्रसच्या योजनेत 20 हजार युरोपर्यंत संरक्षण आहे. ते कंपनी बुडाल्यावरचं, आपण सौद्यात बुडल्यावरचं नव्हे.

समोरची पार्टी कोण हेही लिहून घ्या. सीएफडीत बहुतेक वेळा ब्रोकरच समोर असतो. तो सौदा पुढे बाजारात ढकलतो की स्वतःच्या पोटात ठेवतो, हे त्यांच्या ऑर्डर एक्झिक्युशनच्या धोरणात सापडतं. पोटात ठेवला तर तुमचा तोटा हा त्याचा धंदा. यात बेकायदा काही नाही, पण माहीत असावं. ब्रिटनमध्ये तर किती टक्के किरकोळ ग्राहक तोट्यात आहेत हा आकडा ब्रोकरला जाहिरातीवर छापावाच लागतो. तो आकडा वहीत उतरवून घ्यायचा.

खर्चाचं पान छोटं आहे. "कमिशन शून्य" म्हणजे ते स्प्रेडमध्ये, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातल्या फरकात, घातलंय. सौदा रात्रभर ठेवला तर स्वॅप, म्हणजे रात्रीचं व्याज, लागतो आणि बुधवारी रात्री बहुधा तिप्पट, शनिवार-रविवारचा धरून. सौदे करायचं सॉफ्टवेअर मेटाट्रेडर चार असावं की पाच यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मला त्यात रस नाही.

शेवटचं पान पैसे काढण्याचं, पण वापरायचं आधी. कमीत कमी रक्कम भरायची, एकही सौदा न करता ती काढायला टाकायची आणि वहीत तारीख-वेळ लिहायची: विनंती कधी टाकली, मंजूर कधी झाली, खात्यात कधी पडली, किती कापून पडली, पाठवणाऱ्याचं नाव काय. "बोनस मिळालाय, आता अमुक लॉट केल्याशिवाय काढता येणार नाही" असं उत्तर आलं तर तपासणी पूर्ण झाली. खातं बंद.

तोवर भाच्याला मी घरचा अभ्यास दिलाय. त्या ब्रिटिश कंपनीचा डेमो, बिनपैशाचा. डेमोचे भाव खऱ्या खात्यासारखेच असतील असं नाही, पण न्यूयॉर्कला संध्याकाळचे पाच वाजतात, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, तेव्हा बाजार पातळ होतो आणि स्प्रेड कसा फुगतो ते दिसतं. तो शिफ्टला जागाच असतो. जाहिरातीत स्प्रेड 0.8 पिप लिहिलाय. काल पहाटे 3.34 ला त्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला, खाली एवढंच: "मावशी, 7.2. वहीत लिहून ठेव."