टायर बसल्यावर स्टेपनी कशी लावावी आणि त्यानंतर गाडी कशी चालवावी

चारही टायरची हवा दर पंधरा दिवसांनी तपासून घेणारी माणसंसुद्धा डिकीतलं पाचवं चाक विसरतात. नुसत्या पडून असलेल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा कमी होते. वर्षभर कुणी हात लावला नाही तर ३३ पीएसआयचा टायर विशीच्या खाली यायला वेळ लागत नाही. मग गरज पडते त्या दिवशी बसलेलं चाक काढून अर्धवट बसलेलं चाक लावायची वेळ येते. म्हणून पंपावर हवा भरताना स्टेपनीही तपासून घ्या. ती पूर्ण आकाराची असेल तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त ठेवा. जास्तीची हवा नंतर सोडता येते, पण आडरस्त्याला भरता येत नाही.

आपल्या गाडीत स्टेपनी कोणती आहे?

हे आजच डिकी उघडून बघा. चाकांच्या मापाचीच स्टेपनी असेल तर फारशी काळजी नाही. अलॉय चाकांच्या बऱ्याच गाड्यांत मात्र स्टेपनी लोखंडी रिमची आणि लहान मापाची येते. रिम लहान म्हणजे टायर लहान असं दर वेळी नसतं. १९५/५५ आर १६ आणि १८५/६५ आर १५ या दोन्ही टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटरच भरतो. तरीही रुंदी आणि पकड वेगळी असल्याने त्या चाकावर ताशी ८० किलोमीटरची पट्टी चिकटवलेली असते, आणि ती पाळायची असते.

मापाच्या आधी इंग्रजी 'टी' अक्षर असेल तर ती तात्पुरती, बारीक स्टेपनी. तिच्यात सहसा ६० पीएसआय हवा लागते, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. पंपावरचा माणूस सवयीने ३३ भरून देतो, त्यामुळे टायरवरचा आकडा त्याला दाखवा.

काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० पासून नियमातच आहे.

टायरचं वयही पाहून ठेवा. बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनी झिजत नाही, पण रबर वाळतं. सहा वर्षांनंतर ती जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की न वापरलेलीही बदला.

कुठे थांबायचं

टायर बसल्याचं कळल्यावर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि चारही इंडिकेटर लावून डावीकडे या. जागा वळणावर, पुलावर किंवा घाटाच्या उतारावर असेल तर तिथे चाक बदलू नका. ताशी दहा-पंधराच्या वेगाने आणखी काहीशे मीटर पुढे जा आणि सपाट, टणक, रुंद जागा गाठा. एवढ्यात टायर कामातून जाईल, कदाचित रिमही वाकेल. जाऊ द्या. त्यांची किंमत काही हजार आहे.

उजवीकडचं चाक बदलताना माणूस वाहत्या गाड्यांकडे पाठ करून बसतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० ने येणारी गाडी १०० मीटर अंतर चार सेकंदांच्या आत कापते. त्यामुळे मागच्यांना इशारा देणारा लाल त्रिकोण गाडीला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही. साध्या रस्त्यावर तो किमान ५० मीटर मागे आणि वेगाच्या रस्त्यावर १०० मीटर किंवा त्याहून मागे हवा. तो ठेवायला कठड्याच्या आतल्या बाजूने चालत जा. सगळ्या प्रवाशांना, झोपलेल्या मुलांनाही, उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. कडेची पट्टी अरुंद असेल, रात्र असेल आणि चाक उजवीकडचं असेल तर बदलायच्या भानगडीत पडू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२ लावा आणि कठड्यापलीकडे थांबा.

चाक बदलताना

हँडब्रेक पूर्ण ओढा. गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं चाक उचललं की गिअरचा आधार जवळपास संपतो. डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सरकू शकतं, 'पी'मध्ये असलं तरी. तेव्हा गाडी धरून ठेवतो तो फक्त मागच्या चाकांवरचा हँडब्रेक. म्हणून बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दगड लावायचेच.

गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच, प्रत्येक नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अर्धा ते एक आटा सैल करा. उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. नट हलत नसेल तर पाना आडवा बसवून टोकाशी तळव्याने हळूहळू वजन द्या. त्यावर उड्या मारू नका, पाना निसटून नडगीवर बसतो. अलॉय चाकाला चोरीविरोधी नट असेल तर त्याची चावी पान्याबरोबरच ठेवलेली असावी. ती घरी राहिली तर बाकी सगळं साहित्य असून उपयोग नाही.

जॅक लावायची जागा ठरलेली असते. दाराखालच्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दोन खाचा असतात. जॅकचं डोकं त्या दोन खाचांच्या मधोमध बसवा. तिथून थोडं जरी सरकलं तरी पत्रा आत जातो. पावसाळ्यात कडेची माती भुसभुशीत असते आणि जॅक आत रुततो, त्यासाठी डिकीत एक फूटभर लांबीची जाड प्लायवूडची फळी ठेवावी. भरलेला टायर बसलेल्यापेक्षा उंच असतो, म्हणून बसलेलं चाक सुटेल एवढ्यावर थांबू नका, आणखी चार-पाच सेंटिमीटर उचला. उचलून झाल्यावर स्टेपनी जॅकजवळ गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. जुनं चाक निघालं की ते तिथे सरकवा आणि स्टेपनी बाहेर घ्या. गाडीखाली हात-पाय जाणार नाहीत याकडे पूर्ण वेळ लक्ष ठेवा.

कोकणातल्या दमट हवेत रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजून चिकटण्याचा प्रकार वरचेवर होतो. नट काढले तरी चाक निघत नाही. अशा वेळी जॅकवरच्या गाडीला हिसके देऊ नका. नट हातानेच दोन-तीन आटे परत लावा, गाडी खाली घ्या, दगड काढा आणि अगदी हळू हातभर पुढे-मागे करा. चिकटलेलं चाक सहसा सुटतं. मग दगड पुन्हा लावूनच गाडी उचला.

स्टेपनी लावताना नटाची निमुळती बाजू चाकाकडे येते, तशी असेल तरच चाक मध्यावर बसतं. नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांड्याला, म्हणजे स्टडला, तेल किंवा ग्रीस लावू नका. तेलामुळे तेवढ्याच जोरात नट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि स्टड लांबतो किंवा तुटतो. नट आधी हाताने, मग पान्याने हलकेच बसवा. गाडी खाली घेतल्यावर समोरासमोरच्या क्रमाने, पाच नट असतील तर चांदणीच्या रेघांसारखे, आवळा. बहुतेक छोट्या गाड्यांना १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळण लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ३३ किलोचा दाब दिला की तेवढं होतं. पान्यावर उभं राहिलं तर दुप्पट होतं.

निघण्याआधी चाकाला लावलेले दगड रस्त्याबाहेर टाका. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीला ते दिसत नाहीत.

स्टेपनीवर गाडी चालवताना

निघताना हवेचा दाब बघता आला तर बघा. नाहीतर पहिल्या पंपापर्यंत चाळीसच्या वर जाऊ नका. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघा, नव्याने लावलेलं चाक थोडं सैल होतं.

बारीक स्टेपनीवर ताशी ८० ही शेवटची मर्यादा आहे. ओल्या रस्त्यावर ५०-६० पुरे. ब्रेकचं अंतर वाढतं, गाडी एका बाजूला ओढते, आणि चाकांचे व्यास वेगळे असल्याने डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं. पुढचं चाक बसलं असेल आणि जागा सुरक्षित असेल तर मागचं चांगलं चाक पुढे आणून बारीक स्टेपनी मागे लावणं उत्तम. वाहत्या रस्त्याच्या कडेला मात्र दोनदा जॅक लावण्यापेक्षा पुढेच लावा आणि हळू जवळचा पंक्चरवाला गाठा. हवेचा दिवा पेटलेला राहिला तर घाबरू नका, स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो.

पंक्चरवाल्याकडे टायर रिमवरून उतरवायला सांगा. बसलेल्या टायरवर गाडी चालली असेल तर आत काळी रबराची भुकटी सापडते. तो टायर पुन्हा लावू नये, बाहेरून कितीही चांगला दिसला तरी. पंक्चर जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल तरच दुरुस्ती करायची, बाजूच्या भिंतीला पडलेलं भोक दुरुस्त होत नाही. चाक परत लागल्यावर स्टेपनीत हवा भरून घ्या, आणि डिकीतल्या खोबणीत बसत असेल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल अशी ठेवा. पुढच्या वेळी ती बाहेर न काढता हवा तपासता येते.