होनोलुलू ते ऑकलंड: आधी तारीख बघा

पासपोर्ट, व्हिसा, चार्जर वगैरे तुमचं तुम्ही बघालच. आधी तारीख बघा. गेल्या खेपेला मी बाकी सगळं नीट केलं आणि नेमकी तीच राहिली.

अंतर सुमारे 7,100 किलोमीटर, थेट विमानाला नऊएक तास. शुक्रवारी दुपारी दोनला निघायचं, म्हणजे रात्री पोचू, असा सरळ हिशेब मांडून मी शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्रींसाठी हॉटेल घेतलं. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते हे शाळेत शिकलो होतो, पण तिकीट काढताना ते कुठलं आठवायला! पोचलो शनिवारी रात्री नऊला. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. नावापुढे 'नो शो', दोन्ही रात्री रद्द, पैसे गेले. वाद तरी काय घालणार, तिकिटावर उतरायच्या वेळेच्या डोक्यावर मुंगीएवढं '+1' छापलेलं होतंच.

तेव्हा हॉटेल, गाडी, पुढचं विमान, सगळं उतरण्याच्या तारखेने घ्या. निघण्याच्या नव्हे, उतरण्याच्या. ऑकलंडचं घड्याळ होनोलुलूच्या 22 तास पुढे असतं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत 23, कारण न्यूझीलंड तेव्हा घड्याळ तासभर पुढे करतं आणि हवाई करत नाही. बेरीज करत बसू नका. घड्याळातून दोन तास वजा करा (त्यांच्या उन्हाळ्यात एकच) आणि कॅलेंडरवर एक दिवस पुढे सरका. येताना सगळं उलटं: शुक्रवारी मध्यरात्रीच्या जरा आधी ऑकलंड सोडलं, तर होनोलुलूत शुक्रवारचीच सकाळ असते. तिथलं हॉटेल शनिवारचं घेतलंत, तर शुक्रवारची रात्र कुठे काढणार?

थेट विमान नसेल त्या दिवशी सिडनीवरून तिकीट दिसेल. होनोलुलू-सिडनीच 8,000 किलोमीटरच्या वर, शिवाय तिथून 2,150च्या आसपास मागे यायचं. एक दिवस थांबलेलं बरं. जायचंच असेल, तर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघा, आणि तारीख पुन्हा तपासा.

न्यूझीलंडचा ट्रॅव्हलर डिक्लरेशन फॉर्म निघण्याआधीच्या 24 तासांत ऑनलाइन भरायचा, फुकट आहे. खाण्याचं जे काही असेल ते त्यात लिहाच. बॅगेत विसरलेल्या एका सफरचंदासाठी 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो. ट्रेकिंगचे बूटही आधी घासा, तळव्याच्या खाचांत अडकलेली माती तिथे चालत नाही.

कपडे: विषुववृत्त ओलांडताय, जुलैत स्वेटर लागेल. विमानतळ शहरापासून वीसएक किलोमीटर, रात्रीची गाडी आधीच ठरवा. सिम तिथेच.

आणि निघण्याच्या आदल्या रात्री हॉटेलचा मेल उघडून चेक-इनची तारीख मोठ्याने वाचा, समोर तिकीट ठेवून.