खुर्चीचा डुगडुगणारा सांधा

जुन्या लाकडी खुर्चीची पायांमधली आडवी दांडी सैल झाली होती. सांध्यावर आधीच्या कुणीतरी पांढऱ्या गोंदाचे थरावर थर चढवले होते, तरी दांडी फिरायचीच.

त्याचं कारण गोंदातच आहे. पांढरा गोंद म्हणजे पीव्हीए, पाण्यात विखुरलेले पॉलिमरचे बारीक कण. पाणी लाकडात शोषलं गेलं की कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो. एकदा वाळला की हाच पापुद्रा लाकडाची छिद्रं बुजवतो. नवा गोंद मग लाकडापर्यंत पोचतच नाही. जुन्या गोंदावर तर तो जेमतेम धरतो.

म्हणून आधी सांधा पूर्ण उकलला. कोमट व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं, गोंद रबरासारखा मऊ झाला, मग पटाशीने खरवडला. कंटाळवाणं काम, पण सगळी मदार यावरच. ओल्या फडक्याने पुसून लाकूड पूर्ण वाळू दिलं. सँडपेपर मात्र बेताने. जास्त घासलं की दांडी आणखी बारीक होते.

दांडी बसते ते पायातलं भोक आता सैलच होतं. पीव्हीए फट भरत नाही, वाळताना आकसतो. दांडीच्या टोकाला रंध्याचा पातळ छिलका चिकटवून ती घट्ट बसेल अशी केली. (फट मोठी असती तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, वापरलं असतं, ते फारसं आकसत नाही.) दोन्हीकडे गोंदाचा पातळ हात, क्लॅम्प, बाहेर आलेला गोंद लगेच पुसला. 24 तास खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही.