मांजराच्या पिल्लाला उचलून घ्यायची सवय कशी लावायची

जुन्या नाशकातल्या वाड्याचा माळा, सिडकोतल्या घराचा जिना, निफाड-लासलगावकडची कांद्याची चाळ. मांजरीला पिल्लं घालायला आडोसा मिळाला की झालं. त्यातलं एखादं पिल्लू घरात येतं आणि सगळेच हात पुढे करतात. पिल्लू सोफ्याखाली शिरतं, मग त्याला ओढून बाहेर काढलं जातं, छातीशी आवळलं जातं. ते बोचकारतं आणि "हे काही माणसाळायचं नाही" असा शेरा मारून सगळे मोकळे होतात.

पिल्लू हातात थांबत नाही, कारण एकदा उचललं की सुटका नाही हे त्याला कळून चुकलेलं असतं. म्हणून इथे सांगितलेल्या सगळ्या खटाटोपात उचलण्यापेक्षा खाली ठेवण्याला जास्त महत्त्व आहे. पिल्लू धडपडायला लागण्याआधी त्याला खाली ठेवायचं. एवढं जमलं तर बाकीचं फार अवघड नाही.

आधी वय बघा

पिल्लाचे डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. माणसाची ओळख मनात बसण्याचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. अमेरिकेतल्या संशोधक एलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात याचा अभ्यास केला होता. रोज १५ मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा ४० मिनिटं हाताळलेली पिल्लं माणसाजवळ लवकर यायची आणि धरल्यावर जास्त वेळ थांबायची, असं त्यांना दिसलं. ही ४० मिनिटं एका बैठकीत उरकायची नसतात. दोन-दोन, पाच-पाच मिनिटं करत दिवसभरात वाटून घ्या. सातवा आठवडा उलटून गेला असेल तरी काही बिघडत नाही, फक्त वेळ जास्त लागतो.

वय कळत नसेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. चार आठवड्यांचं निरोगी पिल्लू साधारण ४०० ते ४५० ग्रॅम भरतं, आठ आठवड्यांचं त्याच्या दुप्पट.

आई जवळ असेल तर पिल्लू किमान आठ आठवडे तिच्याकडेच राहू द्या. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला टाकून देते, हा समज खरा नाही. पण सारखी लुडबुड झाली तर ती बिऱ्हाड हलवते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात ते उगाच नाही. आई माणसाळलेली असेल तर तिच्या देखत पिल्लाला थोडा वेळ हातात घेऊन परत तिच्या कुशीत ठेवता येतं. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा हात चोळून गरम करून मगच पिल्लाला लावा आणि त्याला फार वेळ गोधडीबाहेर ठेवू नका.

जमिनीवर बसा

नव्या पिल्लाला अख्खं घर एकदम दाखवू नका. एक लहान खोली पुरे. एका कोपऱ्यात आडवं केलेलं पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यात जुनी साडी, दुसऱ्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे. पलंगाखालची जागा बंद करा, कारण तिथून पिल्लाला बाहेर ओढण्यातच तुमची निम्मी कमाई जाते.

मग जमिनीवर मांडी घालून बसा आणि काहीच करू नका. पेपर वाचा, भाजी निवडा. उभा माणूस त्या वितभर जीवाला डोंगराएवढा दिसतो. त्याच्याकडे टक लावून पाहू नका. नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटून हळूच उघडा. ते जवळ आलं की एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीला धरा आणि हुंगू द्या. त्याने गाल घासला तर परवानगी मिळाली असं समजा.

पहिला स्पर्श गालाला, हनुवटीखाली आणि दोन कानांच्या मध्ये. पोट, पाय आणि शेपूट सध्या नको. पिल्लू जेवत असताना पाठीवरून एकदाच हात फिरवा आणि काढून घ्या. त्याने खाणं थांबवलं नाही तर पुढच्या वेळी दोनदा.

खाऊचं मात्र जपून

लाच द्यायला हरकत नाही. चार-पाच आठवड्यांच्या पुढच्या पिल्लाला नुसत्या पाण्यात उकडलेल्या चिकनचा बारीक धागा पुरतो. पण आपल्या जिल्ह्यात कांद्याशिवाय चूल पेटत नाही आणि मांजराला कांदा विषारी आहे. कच्चा, शिजवलेला किंवा मसाल्यातला, कसाही असला तरी तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसणाचंही तेच. म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊन देणं, मिसळीच्या तर्रीत बुडवलेलं बोट चाटवणं हे लाड बंद. गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. दूध पिणारं अनाथ पिल्लू असेल तर पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणा.

आता उचलायचं

मांडीवर जाड टॉवेल पसरा. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला नखं आत ओढता येत नाहीत, त्यामुळे ते चिकटून बसतं तेव्हा बोचकारायचा त्याचा हेतू नसतो. खाऊच्या मागे ते आपल्या पायाने मांडीवर चढलं तर उत्तम, काही दिवस तेवढंच चालू द्या.

नंतर एक तळवा छातीखाली, पुढच्या पायांच्या लगेच मागे घाला. दुसऱ्या तळव्यावर मागचा भाग बसवा. मागचे पाय लोंबकळत राहिले की पिल्लाला आधार सुटल्यासारखं वाटतं आणि धडपड तिथूनच सुरू होते. जमिनीपासून चार बोटं वर उचला, खाली ठेवा, खाऊ द्या. पहिल्या दिवशी एवढंच.

हेच वाढवत न्या: चार बोटांवरून वीतभर, मग मांडीपर्यंत, मग छातीला टेकवून. प्रत्येक वेळी ते शांत असतानाच खाली ठेवा. कान मागे गेले, शेपटीचं टोक आपटायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, बाहुल्या मोठ्या झाल्या, तर वेळ संपली. अशा वेळी त्याला हवेत सोडू नका. चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत खाली न्या आणि मग हात काढा. आणखी घट्ट धरून "सवय होईल" म्हणणारे घरोघरी असतात. त्याने सवय होते ती पळून जायची.

मानगुटीला धरून उचलू नका. आई तसं उचलते, पण किती जोर लावायचा हे तिला कळतं. तिचं पिल्लू त्या वेळी हलकंही असतं आणि ती त्याला फक्त जागा बदलण्यापुरती तशी नेते.

पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला घेऊन उभं राहू नका. गॅलरीच्या कठड्याशी तर मुळीच नाही. मिक्सर, कुकरची शिट्टी चालू असताना, किंवा गणपतीआधी शेजारच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव चालू असताना उचलायचा प्रयोग नको. दचकलेलं पिल्लू त्या आवाजाचा दोष हातांना देतं.

घरातली बाकीची माणसं

एकाच माणसाने सगळं केलं तर पिल्लू त्या एकाचंच होतं. आजोबा, धाकटी, शेजारच्या काकू, सगळ्यांची थोडी-थोडी पाळी लावा. मुलांना नियम एकच: मांडी घालून बसायचं, पिल्लू येईल तेव्हा येईल, त्याच्या मागे धावायचं नाही. हाताची बोटं नाचवून खेळवणं मोठेच जास्त करतात. त्यातून हात म्हणजे शिकार असा धडा पिल्लू घेतं. खेळायला दोरीला बांधलेली चिंधी पुरे.

चावलं किंवा नखाने रक्त निघालं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीजची शंका सोडून द्यायची नसते. पिल्लाची स्वतःची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, रेबीजची साधारण बाराव्या आठवड्यानंतर असते. जंतांच्या औषधाचं डॉक्टरांना विचारा. पूर्वी हातात येणारं पिल्लू अचानक उचलताना ओरडायला लागलं तर आधी दुखापतीची शंका घ्या आणि सराव थांबवून त्याला दाखवून आणा.

दवाखान्यात नेण्याची तयारी घरातच करून ठेवा. नेण्याची टोपली किंवा पिंजरा दार उघडा ठेवून खोलीतच पडू द्या, खाऊ तिथे द्या. पिल्लू हातात रमायला लागलं की पंजा हळूच दाबून नख बाहेर काढा आणि सोडून द्या, ओठ उचलून दात बघा, कानात डोकावा. एका दिवशी एकच गोष्ट.

आणि काही मांजरं एवढं सगळं करूनही कडेवर बसत नाहीत. शेजारी अंग टेकून बसतात, पायात घोटाळतात, पण उचललं की अर्ध्या मिनिटात उतरायचं म्हणतात. अशा मांजराला गरजेपुरतं, म्हणजे टोपलीत ठेवण्याइतपत उचलता आलं तरी काम भागतं.