हार्ड डिस्क कुरकुरायला लागली? कंपनीला फोन करण्याआधी हे करा

हार्ड डिस्कची वॉरंटी फक्त डिस्कची असते, तिच्यातल्या लग्नाच्या फोटोंची नसते. कंपनी बिघडलेली डिस्क घेऊन दुसरी देते, डेटा परत मिळवून देण्याची जबाबदारी सहसा घेत नाही. म्हणून कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे इथे फार महत्त्वाचं.

सगळ्यात आधी कॉपी. डिस्क अजून उघडत असेल तर महत्त्वाच्या फाइली लगेच दुसरीकडे घ्या. स्कॅन, दुरुस्ती, फॉरमॅट असलं काही तोवर नको, कारण आजारी डिस्क त्या ताणानेच कायमची बसू शकते. टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा आणि डेटा हवाच असेल तर रिकव्हरीवाल्याकडे न्या. घरी उघडू नका. डेटा वाचणारं हेड आणि फिरती तबकडी यांच्यात जेमतेम काही नॅनोमीटर अंतर असतं, धुळीचा एक कणही घात करतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरतो, तो विसरा.

मग केबल बदलून पाहा. पोर्टेबल डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते, त्यामुळे मधे हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) किंवा सैल पोर्ट असला की चांगली डिस्कही मधेच गायब होते. स्मार्ट अहवालात १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर संशय आधी केबलवर घ्यावा.

हा स्मार्ट अहवाल म्हणजे डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स तो मोफत दाखवतात. ५, १९७ आणि १९८ या नोंदी बघा: बदललेले, प्रलंबित आणि वाचता न आलेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवणारे डिस्कवरचे छोटे कप्पे. शून्याच्या वरचा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर त्या डिस्कवर विसंबू नका. पण सगळं ठीक दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी सेक्टरशी संबंधित मुख्य नोंदींमध्ये काहीच इशारा दिला नव्हता.

कॉपी झाल्यावर कंपनीची चाचणी चालवा. सीगेटचं सीटूल्स त्यासाठीच आहे. लांबलचक चाचणीला कित्येक तास लागतात, रात्री लावून द्या. निकालाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आता वॉरंटी. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकला की मुदत कळते. डिस्क लॅपटॉपसोबत आलेली असेल तर बहुधा लॅपटॉपच्या कंपनीकडेच जावं लागतं. अमेरिकेहून कुणी आणून दिलेल्या डिस्कला भारतात वॉरंटी नाकारली जाऊ शकते, तेव्हा ते आधीच विचारून घ्या. लेबल काढू नका, पोर्टेबल डिस्कचं कव्हर उघडू नका, दोन्हींमुळे दावा फेटाळला जाऊ शकतो. डिस्क चालत असेल तर पाठवण्याआधी डेटा पूर्ण पुसा. चालत नसेल आणि आत बँकेची किंवा रुग्णांची कागदपत्रं असतील, तर माझ्या मते दावा सोडून डिस्क स्वतःकडेच ठेवावी. पाठवताना अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणारी) पिशवी आणि चारही बाजूंनी जाड फोम हवा. बदली डिस्क अनेकदा नवी नसून दुरुस्त करून तपासलेली असते, ती आल्याआल्या स्मार्ट अहवाल बघून घ्या.

वॉरंटी असूनही टोलवाटोलवी चालली तर बिल, तक्रार क्रमांक आणि ईमेल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.