जुनी गाडी दुरुस्त करताना या चुका टाळा: आधी निदान, मग पार्ट

गाडी मिसिंग करते, म्हणजे इंजिन झटके खात चालतं, म्हणून प्लग बदलले. फरक पडला नाही म्हणून कॉइल बदलल्या. मग इंजेक्टर साफ करून घेतले. शेवटी निघालं काय, तर इनटेक मॅनिफोल्डला जाणारा करंगळीएवढा व्हॅक्यूम पाइप चिरलेला. सेकंडहँड गाडीवर पैसे जातात ते असे, अंदाजाने.

नव्या गाडीत सहसा एका वेळी एकच काहीतरी बिघडतं. जुन्या गाडीत दोन-तीन दुखणी एकत्र नांदत असतात, आणि त्यावर आधीच्या मालकाचे जुगाड: बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, ट्रकचा हॉर्न, थेट बॅटरीवरून ओढलेल्या वायरी. त्यामुळे एक पथ्य पाळा. ज्या पार्टवर संशय आहे तो खराब आहे असं दाखवता आल्याशिवाय तो बदलायचा नाही. त्यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा, मोबाइलला जोडता येणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि चांगली टॉर्च एवढं घरी असलं तरी बरंच काम भागतं.

बॅटरी उतरली की लगेच नवी बॅटरी

सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटकटक. लोक त्याच दिवशी नवी बॅटरी टाकून मोकळे होतात आणि महिनाभरात पुन्हा शेजाऱ्याकडे जंपर केबल मागायला जातात.

आधी आवाज ऐका. भराभर टकटक होत असेल तर करंट कमी पडतोय. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहेत. एकच जोरकस 'टक्' येतो आणि हेडलाइट मात्र लख्ख राहतात, तर संशय सेल्फच्या मोटरवर किंवा तिला करंट जोडणाऱ्या सोलेनॉइडवर. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीचा विषयच सोडा; इंधन, स्पार्क किंवा किल्लीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) बघा.

मग मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली बसत असेल तर तिचं आयुष्य संपत आलं. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर अल्टरनेटर, म्हणजे ज्याला गॅरेजात अजूनही डायनामो म्हणतात तो, किंवा त्याचा बेल्ट तपासा. स्मार्ट हायब्रिडसारख्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम वरखाली केलेला असतो, तिथे एका वाचनावर निर्णय घेऊ नका.

हे सगळं ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तर बंद गाडीत कुणीतरी करंट पितंय. निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर ठेवून टर्मिनल आणि केबल यांच्या मधे जोडा. बॉनेट उघडंच राहू द्या, दारं लावा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास हात लावू नका. तोपर्यंत गाडीतले मॉड्यूल झोपत नाहीत. पन्नास मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर सगळं बरं आहे. तीनशे दिसत असतील तर पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांच्या आत पार कोरडी होते, आणि सेल्फ मारायला नकार तर दोन-तीन दिवसांतच देते. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, चोर त्या सर्किटवर. बहुतेक वेळा म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर किंवा डिकीचा न विझणारा दिवा निघतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही. मीटरचा फ्यूज उडतो.

चेक लाइटचा कोड वाचला आणि तोच सेन्सर आणला

स्कॅनरवर पी०१७१ आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी. नेटवर शोधलं, ऑक्सिजन सेन्सरचं नाव दिसलं, सेन्सर आणला. दिवा चार दिवसांनी परत लागला. ऑक्सिजन सेन्सर हा नुसता निरोप्या आहे; त्याने खरा निरोप आणला म्हणून त्यालाच कामावरून काढण्यात अर्थ नाही. व्हॅक्यूम गळती, मळलेला हवेचा सेन्सर, दाब कमी पडणारा इंधन पंप, चोक झालेला फिल्टर, यातलं काहीही असू शकतं. कोड सांगतो तो परिसर, पार्टचं नाव नव्हे.

मिसिंगच्या बाबतीत मात्र कोडचा फार छान उपयोग होतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद करून पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवा, कोड पुसा, एक फेरी मारून या. आता पी०३०२ आला तर कॉइलच खराब. पुन्हा पी०३०१ च आला तर कॉइल निर्दोष. प्लगची अदलाबदल करून हाच खेळ पुन्हा करा. तरीही दुखणं पहिल्याच सिलिंडरला चिकटून राहिलं तर मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). यात एक रुपया खर्च होत नाही. सीएनजी गाडीत ही तपासणी पेट्रोलवर आणि गॅसवर अशी दोन्हीकडे करा. गॅसला स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेले प्लग आणि थकलेल्या कॉइल आधी गॅसवर चुगली करतात.

गाडी अजून घ्यायची असेल तर हा स्कॅनर सोबत न्याच. विकणारा आदल्या रात्री कोड पुसून ठेवतो, त्यामुळे दिवा लागत नाही. पण कोड पुसले की 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे गाडी स्वतःच्या स्वतः करत असलेल्या तपासण्या, अपूर्ण दिसायला लागतात, आणि बऱ्याच गाड्यांत 'कोड पुसल्यानंतर चाललेलं अंतर' हाही आकडा वाचता येतो. तिथे नऊ किलोमीटर दिसले तर विचारा की काल काय पुसलं. नुकतीच बॅटरी बदलली असेल तरीही असं होऊ शकतं, म्हणून थेट आरोप करू नका, दोन-तीन दिवसांनी गाडी पुन्हा बघायला जा. आणि किल्ली ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, चेक लाइट लागायलाच हवा. तो लागतच नसेल तर कुणीतरी त्याची वाट लावून ठेवली आहे.

तापमानाचा काटा वर चढतो म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे

माझ्या मते गॅरेजांमध्ये सर्रास होणारी ही सगळ्यात वाईट दुरुस्ती. मिस्त्री सांगतो, 'आपल्याकडं गरमीत त्या व्हॉल्व्हची गरजच नाही, काढून टाकू.' काटा खाली येतो, सगळे खूश. पण थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो तो इंजिन लवकर तापावं म्हणून. तो नसला की इंजिन गार राहतं, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. आणि मूळ दुखणं, म्हणजे अर्धा चोक झालेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा, तसंच राहतं. ते मग खंबाटकी घाट चढताना तोंड वर काढतं.

गाडी कुठे तापते हे पाहा, अर्धं निदान तिथेच होतं. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा उतरतो? मग पंखा, त्याचा रिले, फ्यूज किंवा सेन्सर. एसी लावून बॉनेट उघडा. पंखा फिरायला हवा. उलट हायवेवर किंवा घाटात तापत असेल तर कूलंटचा प्रवाह कमी पडतोय: पातळी कमी, रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, नाहीतर वॉटर पंप.

रेडिएटरचं झाकण कुणी मोजतच नाही. ते दाब धरून ठेवतं आणि त्या दाबामुळेच कूलंट शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर कूलंट गळती न दिसता कमी होत जातं. सगळ्यात स्वस्त पार्ट हाच, तो आधी बघा. अर्थात इंजिन पूर्ण गार असताना. गरम इंजिनचं झाकण उघडणाऱ्याचा हात आणि तोंड दोन्ही भाजतं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत राहिलात तर क्षार साचतात. अडचणीत पाणी घातलं तर हरकत नाही, पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरा. रेडीमिक्स कूलंटमध्ये आणखी पाणी मिसळायचं नसतं. आणि हिरवं, लाल, गुलाबी या रंगांवर जाऊ नका. रंग हे मानक नाही, मॅन्युअलमधला ग्रेड पाहा.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं असं कुणी सांगितलं तर पुरावा मागा. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो का? झाकण उघडं ठेवलं तर बुडबुडे थांबतच नाहीत का? गरम गाडीतून पांढरा धूर आणि कूलंट रोज कमी? ऑइलच्या झाकणाखाली फिकट साय दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत नुसत्या ओलाव्यानेही ती येते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधी झालं असेल तर ती वेगळी गोष्ट. काटा लाल पट्ट्यात गेल्यावर 'घर जवळच आहे' म्हणून चालवत राहणं मात्र हमखास हेड वाकवतं. बऱ्याच गाड्यांचा काटा मधल्या मोठ्या टप्प्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे तो हलायला लागला म्हणजे उशीर झालेलाच असतो.

दर उन्हाळ्यात एसीचा गॅस

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे तो कुठूनतरी गळतोय. बहुतेकदा खडे लागून पिचलेल्या कंडेन्सरमधून नाहीतर ओ-रिंगमधून. आधी गळती, मग व्हॅक्यूम, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार वजन करून गॅस. नुसता प्रेशर पाहून 'टॉपअप' करणाऱ्याकडे जाऊ नका. जास्त भरलेला गॅसही थंडावा कमी करतो. आणि त्याआधी केबिन फिल्टर काढून बघा. कित्येक गाड्यांत तो कारखान्यातून निघाला तसाच असतो.

आवाज आणि थरथर

इथे थोडक्यात सांगता येईल. ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं तर व्हील बॅलन्सिंग. ब्रेक दाबल्यावरच थरथरतं तर डिस्क. वळताना कटकट तर चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, आणि त्याचं रबरी बूट बहुतेक फाटलेलं असणार. खराब रस्त्यावर खडखड झाली की मिस्त्री शॉकॲब्सॉर्बरचा जोड सुचवतो. आधी सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश (रबरी जोड) हलवून बघायला सांगा. गाडी एका बाजूला ओढते तर अलाइनमेंटआधी हवा तपासा आणि चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा. एकच रिम भाजण्याइतकं तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक कॅलिपर जाम आहे.

ऑटोमॅटिकला क्लच नसतो, हा समज

२०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने चालवणारी ऑटोमॅटिक, लोकप्रिय झाली आणि आता जुन्या बाजारात त्या ढिगाने आहेत. तिच्यात नेहमीचाच क्लच असतो, पाय तेवढा यंत्राचा. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की तो जळतो. गिअर टाकताना झटके बसतात म्हणून ॲक्च्युएटर (क्लच-गिअर हलवणारं तेच यंत्र) बदलायला निघण्याआधी क्लचची झीज, ॲक्च्युएटरच्या ऑइलची पातळी आणि स्कॅनरवर क्लचचं लर्निंग, म्हणजे क्लच कुठे पकडतो हे गाडीच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं, या क्रमाने जा.

बीएस-सिक्स डिझेल घेऊन रोज चार किलोमीटर

एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यातली काजळी जाळायला गाडी बराच वेळ सलग चालावी लागते. घर ते ऑफिस एवढंच अंतर असेल तर दिवा लागणारच. तो स्थिर असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने हायवेवर वीसेक मिनिटं चालवा. दुर्लक्ष केलं की फोर्स्ड रिजनरेशन, म्हणजे गॅरेजात जबरदस्तीने काजळी जाळणं, त्यानंतर फिल्टर साफ करणं किंवा बदलणं. अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, बदलून घ्या. आणि डीपीएफसाठीचंच कमी राखेचं ऑइल घाला.

पुरातल्या गाडीचे बिघाड सुटे सुटे दुरुस्त करणे

आज पॉवर विंडो, पुढच्या महिन्यात हॉर्न, मग एअरबॅगचा दिवा, मधेच सेंट्रल लॉक. प्रत्येक वेळी वेगळा इलेक्ट्रिशियन, वेगळं बिल. अशी गाडी असेल तर थांबा आणि ती पाण्यात होती का ते पाहा. मुंबईत २००५ मध्ये, सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये, चिपळूण-महाडला २०२१ मध्ये गाड्या बुडाल्या. विम्यात टोटल लॉस झालेली गाडी स्वस्तात उचलून, धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकणं हा धंदाच आहे.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळीच्या आतल्या भागावर चिखलाची रेघ धुतली जात नाही. सीटच्या खालचे रेल आणि बोल्ट पाहा. डिकीतली स्टेपनी काढून तिचा खड्डा पाहा. कार्पेटचा कोपरा उचलून एखादा कनेक्टर सोडवा. पिना हिरवट झाल्या असतील तर उत्तर मिळालं. गाडीत परफ्यूमचा मारा केलेला असेल तर संशय आणखी वाढवा.

गाडी घेऊन झाली असेल तर खर्चाचा क्रम ठरवा. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल पुढच्या दोन सीटच्या मधे, जमिनीलगत असतं. ते भिजलं असेल तर वाळवून परत बसवू नका, बदला. मग एबीएसच्या वायरी आणि इंजिनच्या अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ करा. त्यानंतर खालचे सगळे कनेक्टर एकाच बैठकीत उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. पॉवर विंडो आणि म्युझिकवर पैसे त्यानंतर.